साखरेचे नभोमंडल

रोहे शहराला लागून असलेल्या वरसे गावात, गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याला भिडवून ठेवलेल्या जेमतेम चार हात लांबीच्या टेबलावर मी सूर्यमालेतील सर्व ग्रह, काही निवडक उपग्रह आणि प्रसंगी एखादे अंतराळयानही घडविते, असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर कुतूहल आणि स्मित एकदमच उमटते. आणि हा सारा उद्योग मैदा, साखर, दही व लोणी यांच्याच आधारे चालतो असे कळले, की कुतूहल ओसरून स्मित तेवढे शिल्लक राहते. त्या स्मिताविषयी माझी तक्रार नाही. कपकेक ही वस्तूच मुळी चार घासांत संपणारी. तिच्यावर मांडलेले आकाश कितीही देखणे असले, तरी पाच-सात वर्षांच्या मुलाच्या हाती पडल्यानंतर त्याचे आयुष्य दोन मिनिटांहून अधिक नसते. परंतु या कामात काही वर्षे घालविल्यावर माझे मत असे बनले आहे, की जी वस्तू क्षणभरच टिकावयाची तिलाही खरेपणाचे बंधन असते, आणि ते बंधन जितके काटेकोरपणे पाळावे तितकी तिची शोभा वाढते.

केक हा परका पदार्थ आहे अशी समजूत आमच्या घरी कधीच नव्हती. माझ्या सासूबाई पावसाळ्यात जून काकडी किसून, तांदळाच्या रव्यात गूळ कालवून जे धोंडस करीत, ते जाड बुडाच्या भांड्यात, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे अशा दुहेरी आचेवर भाजले जाई; आणि दिवाळीच्या आधी नानकटाईचे गोळे पत्र्यांवर मांडून बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची वहिवाट तर महाराष्ट्रात गावोगावी होती. माझ्याकडे ओटीजी, म्हणजे विजेवरचा ओव्हन, आला त्या दिवशी सासूबाईंनी तो आतून-बाहेरून न्याहाळला आणि म्हणाल्या, "वरून-खालून सारखी आच, एवढंच ना? मग त्यात नवीन ते काय?" त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. निखाऱ्यांच्या जागी विजेच्या कांड्या आल्या आणि आच अंशांत मोजता येऊ लागली, एवढाच काय तो फरक.

मात्र घरच्यांसाठी करणे आणि विकण्यासाठी करणे यांत सरकारदरबारी मोठा भेद आहे, आणि तो असावा हेच योग्य. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये घरातून विक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. मी ओळखपत्र, छायाचित्र आणि रहिवासाचा दाखला जोडून अर्ज केला, वर्षाला शंभर रुपयांप्रमाणे फी भरली, आणि यथावकाश चौदा अंकी क्रमांक माझ्या नावे रुजू झाला. तो क्रमांक डब्यावरच्या चिठ्ठीवर छापला जाऊ लागल्यापासून 'हौस म्हणून करते' हे वाक्य मी माझ्यापुरते बाद केले.

अंतराळाची पहिली मागणी माझ्याकडे आली ती 2023च्या श्रावणात. त्या वर्षी अधिक मास पडल्यामुळे निज श्रावण ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाला होता. नागपंचमीला दोन दिवस होतात न होतात तोच, बुधवार दिनांक 23 ऑगस्ट रोजी, सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, चांद्रयान-3चा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात अलगद उतरला. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर 2019 मध्ये, त्याच नावाचे यान अखेरच्या टप्प्यात कोसळल्याचे दुःख लोक विसरले नव्हते, त्यामुळे त्या संध्याकाळचा आनंद घराघरांतून उतू गेला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून घरी परतलेली माणसे कपडेही न बदलता दूरदर्शनसंचासमोर बसली होती. दुसऱ्याच दिवसापासून वाढदिवसांच्या मागण्यांचा सूर पालटला. बाहुल्या, मोटारी आणि सिनेमातील सिंहिणी मागे पडल्या. चंद्र, यान आणि ग्रह पाहिजेत असा मुलांचा तगादा सुरू झाला. पुढे 23 ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला, 2024 मध्ये तो प्रथम साजरा झाला, आणि घरगुती वाढदिवसांच्या जोडीला एका शाळेची मागणीही माझ्या वहीत दरवर्षी नोंदली जाऊ लागली.

या दिवसाची एक मौज कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. साऱ्या वर्षात आकाश पाहण्यास जो काळ आमच्याकडे सर्वांत प्रतिकूल, नेमका त्याच काळात अंतराळ दिन येतो. सूर्य तेव्हा मघा नक्षत्रात असतो, आणि मघा म्हटले की आमच्या शेतकऱ्याला आठवतात त्या पावसाच्या सरी. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा ही नावे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतात; पण ती पाऊस कधी कसा पडला हे सांगण्यासाठी. कळसगिरी आणि अवचितगडाच्या माथ्यावर ढग बसलेले असताना, ज्या तारकांवरून ही नावे पडली त्या तारका पाहण्याचा योग श्रावणात कुठला येणार? तेव्हा त्या दिवशी आकाश पाहावयाचे झाले तर ते माझ्या पत्र्यावरच पाहणे प्राप्त होते, आणि म्हणूनच ते खोटे असून चालत नाही.

श्रावणात अंडे वर्ज्य, म्हणजे पायापासूनच विचार करावा लागतो. अंड्याच्या ठिकाणी मी दही घेते. दह्यातील आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कर्बवायू सुटू लागतो, आणि त्याचेच बुडबुडे मिश्रण फुगवितात. परंतु ही क्रिया ओले व कोरडे जिन्नस एकत्र होताच सुरू होत असल्यामुळे मिश्रण तयार करून शेजारणीशी बोलत बसण्याची सोय राहत नाही. साचे दोनतृतीयांश भरून ते तडक भट्टीत गेले पाहिजेत. एरवी कपकेकला 180 अंशांची आच देतात. तीत कडा लवकर धरतात, मध्यभाग मागाहून वर येतो आणि माथ्याला घुमट येतो. ज्याच्यावर ग्रह मांडावयाचे त्याचा माथा सपाट हवा, म्हणून मी आच 160 अंशांवर ठेवते आणि वेळ थोडा वाढविते. हे काम पहाटेच उरकावे लागते, कारण पावसाळ्यात दुपारनंतर विजेचा भरवसा नसतो आणि अर्धवट भाजलेला केक एकदा खाली बसला की पुन्हा उठत नाही.

खरी कसोटी लागते ती काळ्या रंगापाशी. ग्रह नंतर; आधी ज्यावर ते मांडावयाचे ते अवकाश तयार झाले पाहिजे. आपल्याकडे कायद्याने संमत असे कृत्रिम खाद्यरंग अवघे आठ आहेत: तांबडे तीन, पिवळे दोन, निळे दोन आणि हिरवा एक. त्यांत काळा नाहीच. बाजारात काळा म्हणून जो मिळतो तो या मंडळींच्या मिश्रणाचा; आणि त्यांचे प्रमाणही खाद्यपदार्थाच्या एका किलोस एक दशांश ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा दंडक आहे. पांढऱ्याशुभ्र क्रीममध्ये रंग ओतत गेले तर प्रथम जांभळट राखाडी छटा येते, मग आणखी ओतावा लागतो, आणि काळेपणा येईपर्यंत क्रीम कडू होऊन मुलांच्या जिभा दुसऱ्या दिवशीपर्यंत निळ्या राहतात. याला उपाय एकच, आणि तो संयमाचा. प्रथम गडद कोको घालून क्रीम तपकिरी करून घ्यावे. तपकिरीवर निळ्याची अगदी थोडी मात्रा पडली तरी ते काळ्याकडे झुकते. मग झाकून रात्रभर ठेवावे. रंग मुरतो. संध्याकाळी जे मळकट करडे दिसत होते ते सकाळी अमावास्येचे आकाश झालेले असते. वरून त्यात किंचित निळे आणि किंचित जांभळे क्रीम पिशवीच्या कडांना लावून एकदमच पिळले, म्हणजे आकाशगंगेचा पट्टा आपोआप उमटतो.

तारे मी पाचकोनी करीत नाही. पांढरा रंग पातळ करून, कडक केसांच्या कुंचल्यावर घेऊन बोटाने झटकला, की लहानमोठे ठिपके पडतात. काही दाट, काही विरळ, जसे ते खरोखर असतात. मागणी डझनाची असेल तेव्हा मात्र बाराही कपकेक शेजारी शेजारी मांडून, त्यांच्यावर मिळून एकच मृग नक्षत्र रेखाटावयाचे, हा माझा आवडता प्रकार आहे. चार पायांचे चार तारे, मध्ये बाणाचे तीन आणि खाली बाजूला व्याध. यांत काक्षी तांबूस असते आणि राजन्य निळसर पांढरा, म्हणून एका ठिपक्यात नारिंगीचा लेश आणि दुसऱ्यात निळ्याचा, एवढा भेद मी राखते. वाढदिवसाच्या गडबडीत तो कोणाच्या ध्यानात येत असेल असे नाही. परंतु एखादा मुलगा पुढे डिसेंबरच्या निरभ्र रात्री गच्चीवर उभा राहील आणि त्याला ते दोन रंग आकाशात दिसतील, तेव्हा साखरेने त्याला फसविले नव्हते एवढे तरी सिद्ध होईल.

ग्रहांच्या बाबतीत मुले कडक परीक्षक असतात. मंगळ तांबडा तो लोखंडाच्या गंजामुळे, तेव्हा त्याला लाल मिठाईचा भडकपणा चालत नाही. विटकरी छटेसाठी कोको आणि केशरी यांचा मेळ घालावा लागतो. गुरूचे पट्टे विषुववृत्ताला समांतर हवेत आणि तो तांबडा डाग, ज्यात आपली पृथ्वी सहज मावेल, दक्षिण गोलार्धातच हवा. युरेनस आपल्या कक्षेवर जवळजवळ आडवा पडून फिरतो, म्हणून त्याला आडवाच बसवावा. नेपच्यूनला गर्द निळा करण्याची प्रथा होती, कारण 1989 मध्ये व्हॉयेजर-2ने पाठविलेली छायाचित्रे ठळकपणासाठी तशी रंगवून प्रसिद्ध झाली होती. परंतु जानेवारी 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले, की तोही युरेनससारखाच फिकट हिरवट निळा आहे, छटा किंचित गडद इतकेच. तेव्हापासून माझ्याकडे निळा रंग कमी खर्ची पडतो. शनीच्या कड्यांपुढे मात्र हात टेकावे लागतात. सुमारे 2,80,000 किलोमीटर रुंदीचा हा पसारा बव्हंशी सुमारे दहा मीटर जाडीचा आहे. त्या प्रमाणात कडे करावयाचे म्हटले तर मिठाईवरचा चांदीचा वर्खही कितीतरी जाड ठरेल. मग मी साखरेची पातळ चकती लाटून, मध्ये गोल कापून, तिच्यावर टोकदार काडीने वलये कोरते आणि प्रमाणाचा आग्रह तेवढ्यापुरता बाजूला ठेवते.

चंद्राचे तसे नाही. तो पांढरा असल्याची सर्वांची खात्री असते, आणि वस्तुतः तो डांबरी रस्त्यासारखा काळवंडलेला आहे. पडलेल्या प्रकाशाचा शेकडा बाराच्या आसपासच भाग तो परत फेकतो, आणि भोवतालचे आकाश काळे असल्यामुळे तेवढ्यानेही उजळ दिसतो. म्हणून माझा चंद्र करडा असतो, त्याच्यावर बिस्किटाचा चुरा आणि खसखस यांची माती असते, आणि विवरे पाडण्यासाठी नोझलचे मागचे गोल तोंड उपयोगी पडते. त्यावर 'विक्रम' उभा राहतो तो चार पायांवर, सोनेरी मुलाम्यात. त्याच्यासोबतची फिरती बग्गी 'प्रज्ञान' मात्र सहा चाकांची. शाळेत डबा उघडल्याबरोबर एका मुलाने काही न बोलता प्रज्ञानची चाके एका बाजूने मोजली, डबा फिरवून दुसऱ्या बाजूने मोजली, आणि मग मागच्या चाकांकडे बोट दाखवून मला विचारले, "काकू, ह्याच चाकांवर अशोकस्तंभ आणि इस्रोची खूण असते ना?" असते. साखरेच्या त्या चाकांवर ती कोरणे मानवी बोटांना शक्य नाही, हेही त्याने मोठ्या मनाने मान्य केले.

त्याच शाळेत बाईंनी माझ्याकडून प्रमाणाचा एक पाठ करवून घेतला. कपकेकचा माथा सात सेंटिमीटरांचा; तो पृथ्वी मानला, तर चंद्र दोन सेंटिमीटरांना थोडा कमी भरतो. मुलांनी तो पृथ्वीला चिकटवून ठेवला. खरे अंतर त्या मापाने दोन मीटरांहून किंचित अधिक, म्हणून चंद्र उचलून पलीकडच्या बाकावर गेला आणि वर्गात एकदम कुजबुज झाली. सूर्य साडेसात मीटर रुंदीचा, म्हणजे वर्गात न मावणारा, आणि सुमारे पाव कोस लांब. तो कुठे ठेवावा यावर बराच खल झाला, आणि शेवटी तो शाळेच्या हद्दीबाहेरच राहील असे ठरले.

हे सारे सुखरूप पोहोचविणे हा वेगळाच व्याप आहे. साखर हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आमच्याकडे श्रावणात हवेत ओलाव्यावाचून दुसरे असतेच काय? साखरेच्या लगद्याचे, म्हणजे फाँडंटचे, ग्रह फ्रिजमधून बाहेर काढले की त्यांना घाम फुटतो, लोण्याचे क्रीम उकाड्याने सैल पडते. म्हणून यान, चाके आणि कडी दोन दिवस आधी करून, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागतात, आणि कपकेकवर ती अगदी निघताना रोवावी लागतात. सामान आणण्यासाठी मला दिवा-रोहे गाडीने वरचेवर मुंबई गाठावी लागते, कारण क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात जे नोझल आणि जे रंग एका फेरीत मिळतात त्यांतले निम्मेही जवळपास हाती लागत नाहीत. तिथेही चकाकीची पूड घेताना डबीवरचा मजकूर नीट वाचावा लागतो. 'अपायकारक नाही' आणि 'खाण्यायोग्य' या दोन शब्दप्रयोगांत मोठे अंतर आहे, आणि मुलांच्या पोटात जावयाच्या वस्तूला दुसराच लागू असला पाहिजे. तयार माल घेऊन जावयाचा तो आमच्या सहा आसनी रिक्षातून. या भागात त्या रिक्षांनाही विक्रमच म्हणतात. त्यामुळे माझ्या मांडीवरच्या डब्यातील विक्रम विक्रममध्ये बसून शाळेला जातो, आणि चालकाला हे सांगितले की तो खड्डे चुकवीत गाडी हाकतो.

मुले हमखास विचारतात, की अंतराळवीरांना कपकेक मिळतो का. मला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले आणि ते फार रंजक निघाले. वजनरहित अवस्थेत भुगा खाली न पडता तरंगत राहतो, डोळ्यांत आणि यंत्रांत शिरतो, म्हणून तिथे पावापेक्षा पातळ पोळीच बरी समजली जाते. 2019च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर खास बनविलेल्या एका भट्टीत कुकी भाजून पाहण्यात आल्या, तेव्हा पृथ्वीवर वीसेक मिनिटांत होणाऱ्या त्या कुकीला तिथे दोन तासांच्या आसपास लागले; तापलेली हवा वर चढणे आणि गार हवा खाली येणे हा जो व्यवहार माझ्या ओटीजीत बिनबोभाट चालतो, तो तिथे नाहीच. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्या शिदोरीत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. हे ऐकून आमच्या मुलांना जो आनंद झाला त्याचे वर्णन करवत नाही. कोकणातल्या पोराला आमरस अंतराळात पोहोचल्याचे कळणे म्हणजे निम्मे अंतराळ सर झाल्यासारखेच.

आता जमाखर्चाविषयी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे या तालुक्याशी नाते. त्यामुळे हिशेबाच्या बाबतीत आम्ही इथली माणसे ढिलाई करू नये, असे मी गमतीने म्हणत असते. परंतु घरगुती उद्योगात ढिलाई होते ती नेमकी तिथेच. मैदा, साखर, लोणी, डबे, वीज यांची नोंद होते; पहाटेचा वेळ, रंग मुरण्याची रात्र, कड्यांवर वलये कोरताना ताठलेली बोटे यांची होत नाही, कारण ती घरातल्या बाईची असतात आणि घरातल्या बाईचा वेळ फुकटच धरण्याची आपली रीत आहे. ग्राहक म्हणतो, "मैदा-साखरेला एवढे पैसे?" आणि आपणही संकोचून दर उतरवितो. मी आता साहित्याचा रकाना वेगळा आणि हाताच्या वेळेचा वेगळा लिहिते, आणि विचारणाऱ्यास वही उघडून दाखविते. ज्यांनी ती पाहिली त्यांतील बहुतेकांनी पुन्हा घासाघीस केली नाही. ज्यांना स्वस्तात हवे असते त्यांच्यासाठी खाद्यकागदावर छापलेले ग्रहांचे चित्र लावून देण्याची सोयही मी ठेवली आहे. तेही वाईट दिसत नाही, मात्र त्यात शनीच्या कड्यांतून पलीकडचे दिसत नाही.

आईबापांना माझे सांगणे थोडकेच आहे. मागणी चार दिवस आधी नोंदवा, कारण काळा रंग आणि कोरडे यान या दोहोंनाही वेळ लागतो. कोणता ग्रह हवा हे मुलालाच विचारा. त्याला तुमच्याहून अधिक माहीत असण्याचा संभव आहे. डब्यावर नोंदणीचा क्रमांक आहे की नाही ते पाहा, माझ्याकडून घ्या अगर दुसऱ्या कोणाकडून. आणि दर ठरविताना एवढे ध्यानात ठेवा, की छापील आकाश छापील दराने मिळते. हाताने घडविलेल्या आकाशाला हाताचे दाम पडतात, आणि ते द्यावेत.